आबांच्या तळ्यातली मरळ

जेवत असाल तर आधी ताट बाजूला ठेवा, मग वाचा. नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत.

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. वाचतोय म्हणजे हसायला वाचतोय, खरं तेच सांगतो. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, घाटात लिफ्ट मागणारी बाई... आमच्या फाउंड्रीत चहाच्या सुट्टीत मी हे मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही सगळे मिळून टर उडवायचो. देव मानतो, वर्षातनं एकदा जोतिबाला जातो, पण भूतबित म्हणाल तर विश्वास शून्य. आजही फारसा नाही, कारण मला काही दिसलेलंच नाही. आवाज नाही, सावली नाही. मला फक्त किळस आली. दोन महिन्यांच्या वर. आणि ती किळस माझी नव्हती, एवढंच मी छातीठोक सांगू शकतो.

माझी नव्हती म्हणजे काय, ते कळायला आधी मी कसला माणूस आहे ते ऐका.

जन्म कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. वय सेहेचाळीस. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, एकवीस वर्षं झाली. संध्याकाळी रुमालात शिंकरलं तर काळं येतं. जेवायच्या सुट्टीत हात पँटला पुसायचे आणि डबा उघडायचा. कुणाचा अर्धा राहिलेला चहा असला तर मी पिणार. रश्श्यात माशी पडली तर माशी काढायची, रस्सा कशाला टाकायचा? माझी बायको सुजाता म्हणायची, "तुम्हाला नाक दिलंय ते फक्त चष्मा ठेवायला." किळस हा प्रकार मला माहीतच नव्हता हो. कुणी नाक मुरडलं की मला त्याचा रागच यायचा. आला मोठा नाजूक!

सुजाता डबे करते. बावीस डबे, रोज. नर्सा आहेत, बँकेतले दोघं-तिघं आहेत, एकटे राहणारे म्हातारे आहेत. तिच्या हाताला चव आहे आणि तिला त्याचा अभिमान आहे, असायलाच पाहिजे. पण पेठेतल्या दोन खोल्यांत बावीस डबे म्हणजे रोजची मारामारी. पातेलं ठेवलं तर माणसाला उभं राहायला जागा नाही. म्हणून मागच्या वर्षी आम्ही घर घेतलं. फुलेवाडीच्या पुढं, रिंगरोडच्या आतल्या अंगाला. कॉलनीचं नाव सांगत नाही. पुढं तीन खोल्यांचं घर, मागं परसबाग, एक चिकूचं झाड, आणि चिकूच्या सावलीत ते तळं. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेएवढं खोल. सिमेंटचं, वर काळ्या दगडाचा काठ.

घर विकणारे गृहस्थ म्हणजे आबा. पंचाहत्तरीचे, एसटीच्या वर्कशॉपातनं रिटायर झालेले मेकॅनिक. तीन वर्षांपूर्वी बायको वारली, तसे ते लेकीकडं गडहिंग्लजला राहायला गेले. मध्ये घर कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलं होतं. किल्ली हातात देताना म्हणाले, "पावणं, घर तुमचं. काय पाडा, काय बांधा. तळं तेवढं बुजवू नगा."

"व्हय की आबा, त्यात काय," मी म्हणालो. का बुजवायचं नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाची हौस असेल, सोडून दिलं.

आता तळं कसलं, डबकं ते. वर हिरवी साय धरलेली, जाड, काडीनं उचलली तर अखंड निघायची. त्या पोरांनी त्यात काय काय टाकलं होतं देव जाणे. बाटल्या तरंगत होत्या, एक उशी होती फुगलेली, काठाला बेडकांच्या अंड्यांचा बुळबुळीत गोळा. वास असा की शेजारची बाई तिकडची खिडकी उघडत नव्हती. मला काही वाटलं नाही, मी काठावर बसून वडापाव खाल्ला. पण सुजातानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "अहो, हे आधी बुजवा. डास व्हायला लागल्यात. उद्या कुणाला डेंग्यू झाला म्हणजे माझ्या डब्यावर येईल." तिला तिथं पत्र्याचं शेड पाहिजे होतं. दोन मोठ्या शेगड्या, भांडी घासायला मोरी, डबे मांडायला कट्टा. त्यासाठीच तर घर घेतलं होतं. आबांना दिलेला शब्द मी दोन दिवसांत विसरलो. ते गडहिंग्लजला, त्यांना काय कळतंय!

तळं बुजवायला आमच्याकडं सोपी सोय. फाउंड्रीतली जळकी काळी वाळू, एकदा वापरून झाली की फेकायचीच असते. गावाबाहेरचे निम्मे प्लॉट त्याच वाळूनं भरलेत. रफिकचा ट्रॅक्टर आहे, आमच्याकडनं वाळू तोच उचलतो. पंधरा वर्षांची दोस्ती. रविवारी सकाळी तो पंप घेऊन आला. म्हणाला, आधी पाणी उपसू, मग दुपारी ट्रॉल्या ओतू.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि चिखलात काहीतरी मोठं वळवळलं. रफिक पाटी घेऊन आत उतरला. शिव्या घालत, घसरत, दहा मिनिटांत त्यानं ते वर काढलं. मरळ! गोड्या पाण्यातला मासा, हातभर लांब, काळाकुट्ट, डोकं सापासारखं.

"भावा, दोन किलोला कमी न्हाय! नाद खुळा!" रफिक म्हणाला.

"आता सोडायची कुठं हिला?"

"सोडायची? खुळा हाईस का काय तू?"

आता सांगा, कोल्हापूरच्या दोन माणसांच्या हातात फुकटची मरळ आल्यावर ते काय करणार? कुणी सोडली, कधी सोडली, काय खाऊन एवढी माजली... आमच्या डोक्यात एक प्रश्न आला नाही. आधी चूल. सुजातानं मात्र दारातनंच सांगितलं, "त्या गटारातलं माझ्या भांड्यात शिजवायचं न्हाय. शी!" मी तिला हसलो. तीन विटा मांडल्या, एक जुनं पातेलं घेतलं, तिचा कांदा-लसूण मसाला तेवढा मागून आणला. मरळ मीच साफ केली. पोट फाडलं तर आत तीन-चार पांढरे खडे निघाले, चुन्यासारखे ठिसूळ. म्हटलं, असतील खडे. फेकून दिले. रस्सा झकास झाला. थोडा चिखलाचा वास होता, पण मला कसलं नाक! रफिकनं दोन वाट्या खाल्ल्या, मी तीन.

दुपारी पंपात गाळ अडकला नि पंप बंद पडला. बुजवायचं काम पुढच्या रविवारवर गेलं.

सोमवारी सकाळी कँटीनमध्ये चहाचा ग्लास उचलला. तोंडाला लावायच्या आधी माझा हात थांबला आणि मी ग्लासच्या काठाचा वास घेतला. जन्मात कधी घेतला नव्हता. हिवस वास होता, कुणीतरी अंडं खाऊन त्या ग्लासातनं पाणी प्यावं तसा. वर चहाची साय आलेली, ती ओठाला लागली नि माझ्या तोंडातनं मोठ्यानं आलं —

"अव्वंऽऽ! शीऽऽ!"

सगळं कँटीन माझ्याकडं बघायला लागलं. मग जे हसले! दोन दिवस पोरं मला येता-जाता "अव्वं" म्हणत होती. मीही हसलो. पण तो चहा मी प्यालो नाही, ओतला.

तिथनं जे सुरू झालं ते सुरूच, आणि ते "अव्वं" घरीदारी तोंडातनं यायचंच. डब्याच्या झाकणाची रबरी रिंग. तिच्यात अडकलेला काळपट चिकट मळ मला दिसायला लागला. वर्षानुवर्षं त्याच डब्यातनं खाल्लं होतं. भांडी पुसायच्या फडक्याचा कुबट वास. शेजारी जेवणाऱ्याच्या दातात अडकलेली मेथी. लोकांच्या बोटांना लागलेलं तेल. मी हात धुवायला लागलो... दिवसातनं वीस वेळा, पंचवीस वेळा. नखांच्या कडा सोलल्या. नळ बंद करायचा म्हटलं तर नळाला हात लावायची शिसारी, मग कोपरानं बंद करायचा.

आणि नदी! शिरोलीला जायचं म्हणजे रोज पंचगंगेचा पूल. एकवीस वर्षं गाडीवरनं जातोय, कधी मान वळवून बघितलं नव्हतं. आता पूल आला की आपोआप मान वळायची. जलपर्णी, फेस, कडेला अडकलेलं निर्माल्य, काळं पाणी. त्या पाण्याची मला अशी किळस यायची, अशी यायची, की जणू कुणी मला त्यात उतरायला सांगतंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुलाच्या मध्यावर उमासा आला. गाडी थांबवायला जागा नव्हती. मी हेल्मेटमध्येच ओकलो. काचेच्या आत. ते तसंच तोंडावर घेऊन पूल ओलांडला. आता वाचताना तुम्हाला काय वाटलं असेल ते असेल, मला त्याच्या दसपट वाटत होतं.

पण हे सगळं परवडलं. खरं वाईट घरात झालं.

सुजाता भाकरी थापत होती. तिच्या मनगटावरनं घामाचा एक थेंब ओघळला आणि पिठात गेला. मी बघितला. त्यात काय एवढं, स्वयंपाकघरात घाम येणारच... हे मी मनात शंभर वेळा म्हटलं. ताट पुढं आलं नि घास काही तोंडात जाईना. तिला म्हटलं, भूक नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पित्त झालंय. आठव्या दिवशी ती म्हणाली, "काय झालंय खरं सांगा. भाजी खारट झालीया का?" मी काय सांगणार? तुझ्या हाताची किळस येते, असं बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? वीस वर्षं त्या हातचं खाऊन वाढलेलं हे पोट.

डॉक्टर झाले. रक्त तपासलं, लिव्हर तपासलं, नळी घालून पोट बघितलं. सगळं नॉर्मल. टेन्शन घेऊ नका म्हणाले. मी केळी खायचो आणि स्वतः सोललेली उकडलेली अंडी खायचो. नऊ किलो उतरलो. आणि एक दिवस सुजातानं ताट ठेवलं तेव्हा नकळत माझा हात नाकावर गेला. तिनं बघितलं. ताट उचललं, मागच्या दारानं गेली आणि सगळं जेवण त्या डबक्यात भिरकावलं.

"बावीस माणसं माझ्या हातचं खात्यात," ती म्हणाली. रडत नव्हती. "नवरा तेवढा खात न्हाय. उद्या लोकांना कळलं तर कोण घेईल माझा डबा? आणि लोकांचं जाऊ द्या. मी काय केलंय तुमचं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ग्लास, नदी, हेल्मेट. ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "त्या मरळीपासनं चालू झालंय हे. आणि ते अव्वं अव्वं काय लावलंयसा? शिवाजी पेठेत कोण अव्वं म्हणतंय? हे तिकडचं, गडहिंग्लजच्या बाजूचं, कानडी मुलखाच्या कडंचं बोलणं हाय. ह्या घरात तसं बोलणारी बाई असंल तर आबांचीच." तिनं मला न विचारता आबांना फोन लावला आणि तोंडावर विचारलं, "आबा, तुमची मंडळी अव्वं म्हणायची का हो? किळस आली की?"

 मग आबा म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. गाळ अडकून पडलेला पंप, रफिकच्या घरातलं लग्न, माझं आजारपण, यात बुजवायचं काम तोवर लांबलं होतं. पण सुजातानं आता ठरवून टाकलं होतं. आबा येऊ देत नाहीतर राहू देत, आज बुजवायचं. सकाळी नऊलाच रफिकनं दोन ट्रॉल्या काळी वाळू मागं तळ्याशेजारी आणून ओतली. अकराच्या सुमारास आबा आले. गडहिंग्लजहून एसटीनं, काखेत पिशवी. पाणी घ्या म्हटलं, घेतलं नाही. सरळ मागं गेले आणि तळ्याच्या काठावर उभे राहिले.

"काय करून ठेवलासा हो हे..." एवढंच म्हणाले. नंतर काठावर बसून त्यांनी सांगितलं ते असं.

त्यांची बायको शेवंताबाई. भयंकर सोवळी नव्हे, भयंकर स्वच्छ. प्रत्येक भांडं तीन पाण्यांनी धुणार, पेल्याचा वास घेऊन मगच पाणी पिणार. आजारी पडली तेव्हा तिनं एकच सांगून ठेवलं होतं. "मला त्या नदीत सोडू नगा. गटार झालंय तिचं. मेल्यावर परत आंघोळ करायला लागंल मला." तिसऱ्या दिवशी सगळे सावडायला जमले. भाऊबंद म्हणाले, रक्षाविसर्जन नदीतच झालं पाहिजे. आबांनी कुणाचं ऐकलं नाही. राख, अस्थी, सगळं घरी आणलं. त्याआधीचे दोन दिवस राबून त्यांनी हे तळं घासलं होतं, बोअरचं पाणी भरलं होतं. त्यात तिला ठेवलं. कमळाचा कांदा लावला. भाऊबंद अजून बोलत नाहीत त्यांच्याशी.

"डास हुतील म्हणून एक मरळीचं पिल्लू सोडलंतं," आबा म्हणाले. "हाय का हो अजून?"

मी रफिककडं बघितलं. रफिक स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

"खाल्ली आबा," मी म्हणालो. "आम्ही दोघांनी."

हे बोललो आणि मला ते पांढरे खडे आठवले. पळत नळाकडं गेलो. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं कडू पाणी पडत राहिलं. रफिक पाठीवर हात ठेवायला आला, त्याला म्हटलं, हात लावू नको बाबा.

परत आलो तर आबा तसेच बसलेले. रागावतील, शिव्या देतील म्हटलं, तर तसलं काही नाही. म्हणाले, "चूक माझी हाय. तिला घाणीत बसवून मी लेकीकडं दूधभाकरी खायला गेलो. ती बोंबलणारच की." मग सुजाताकडं वळले, "बुजवा बाई. तुमचं घर हाय, तुमचं पोट हाय त्याच्यावर. पण ही घाण आत ठेवून वरनं वाळू टाकू नगा. आधी काढूया. मग काय करायचं ते करा." आणि पंचाहत्तर वर्षांचा माणूस पँट गुडघ्यावर दुमडायला लागला.

मग मला उतरायलाच लागलं. रफिक म्हणत होता, तू बस, मी करतो. पण मरळ मी कापली होती.

ज्याला ग्लासाच्या काठाची शिसारी येत होती तो माणूस त्या गाळात उतरला. कसं सांगू तुम्हाला! पाय ठेवला तर पिंढरीपर्यंत आत गेला आणि खालनं बुडबुडे आले, कुजक्या अंड्याच्या वासाचे. बोटांच्या मधनं काहीतरी गार, मऊ सरकलं. ती उशी उचलली तर फाटली, आतला कापूस काळा, त्यात अळ्या. मेलेली घूस निघाली, केस गळालेली. मोजे, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, सुजातानं भिरकावलेल्या भाकऱ्या फुगून पांढऱ्या झालेल्या. मी चार वेळा बाहेर येऊन ओकलो आणि चार वेळा परत आत गेलो. आबा खोरं मारत होते, रफिक पाट्या ओढत होता, सुजाता पाइपनं पाणी मारत होती. अडीचला खालचं सिमेंट दिसलं. एका कोपऱ्यात राखाडी रंगाचा बारीक थर होता. आबा म्हणाले, "एवढं राहू दे." तेवढं राहू दिलं.

मला वाटलं, सुटलो. सिनेमात असतंय तसं, घाण गेली, किळस गेली. आंघोळ करून चिकूखाली बसलो. सुजातानं ताटं आणली. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. भाकरीचा वास नाकात गेला आणि मी ताट लांब सरकवलं. काही सुटलं नव्हतं. सुजातानं माझ्या तोंडाकडं बघितलं, पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

आबा माझ्याकडं बघत होते. "पावणं, एक इचारू? माझी बी किळस येती का तुम्हाला?"

मी म्हणालो, "असं काय विचारताय आबा."

"न्हाय, खरं सांगा. पस्तीस वर्षं वर्कशॉपात काढली. ग्रीस, डिझेल. नखातलं काळं कधी गेलं न्हाय बघा." त्यांनी हात पुढं केला. गाळ धुतला होता, पण नखं काळीच. "माझ्या हातचं पाणी बी कधी प्याली न्हाय ती. भांडत नव्हती, प्रेमानं ऱ्हायली, खरं हातचं खायची न्हाय. आजारात लेक भरवायची. शेवटच्या दिवशी लेक नव्हती. मी चमच्यानं पेज धरली... तोंड फिरवलं. तशीच उपाशी गेली." मग म्हणाले, "तुमच्यात ती हाय का न्हाय मला म्हाईत न्हाय. मला असलं काय कळत न्हाय. एक घास भरवू का? बघूया तरी."

 मी मान हलवली. त्यांनी माझ्या ताटातली भाकरी मोडली, भाजी घेतली आणि हात माझ्या तोंडापाशी आणला.  मी तोंड उघडलं. सुजाता वळून बघत होती. रफिकही जागचा उठून उभा राहिला होता.

घास खाली गेला. आबांनी विचारलं, "आली का?"

"न्हाय आबा. काय न्हाय."

"खरं?"

"आईशप्पथ."

म्हातारा त्याच हातानं डोळे पुसत बसला. नंतर त्यांनीच मला अख्खी भाकरी भरवली, आणि ती गेली. पुढची मी माझ्या हातानं खाल्ली. चार भाकरी खाल्ल्या त्या दिवशी. सुजाता भाकरी वाढताना "खावा, मेल्यागत झालासा नुसतं," म्हणाली आणि आत जाऊन मोठ्यानं रडली.

साडेचारच्या गाडीला आबांना सोडायला गेलो. गाडीत बसताना म्हणाले, "आता बुजवलासा तरी चालंल. माझं काय न्हाय." घरी येऊन सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे ते. शेड पुढं घालू." म्हणून शेड पुढच्या अंगाला झालं, माझी गाडी आता रस्त्यावर असते आणि त्यावरनं कॉलनीत रोज कुणाशी तरी माझी वाजते. तळ्यात बोअरचं पाणी आहे, कमळाचा नवीन कांदा लावलाय. वाळू रफिकनं परत नेली.

मला आता कसलीही किळस येत नाही. कुणाचाही चहा पितो, पूल ओलांडतो, सुजाताच्या हातचं खाऊन पाच किलो परत चढलोय. "अव्वं" परत कधी तोंडात आलं नाही. तुम्ही म्हणाल मनाचे खेळ. डॉक्टर तेच म्हणाले. घाणीतला मासा खाल्ला, पोटात काहीतरी इन्फेक्शन झालं, दोन महिन्यांनी गेलं. असेलही. रफिकनं दोन वाट्या खाल्ल्या, त्याला साधी ढेकरसुद्धा आली नाही. ते अव्वं मी कधी कुठल्या एसटीत ऐकलं असेन, डोक्यात बसलं असेल. हे सगळं मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही, सुजातालाही नाही. आबा असलं काही वाचत नाहीत, म्हणून इथं सांगतो. आबांना मी खोटं बोललो.

तो पहिला घास तोंडात गेला आणि मला अशी किळस आली, की तशी ना गाळात आली होती, ना हेल्मेटमध्ये. डिझेलची चव, ग्रीसची चव, त्या हाताचा घाम, पस्तीस वर्षांचं सगळं जिभेवर. दात आवळले गेले, डोळ्यांतनं पाणी आलं. म्हातारा समोर आशेनं बघतोय हे दिसत होतं, तरी मला जमणार नव्हतं. मी ठरवलं, माफ करा आबा, आणि थुंकायला मान बाजूला वळवली. तोंड उघडलंसुद्धा.

आणि घास खाली गेला. मी गिळला नाही. सेहेचाळीस वर्षं खातोय, आपण गिळतो कसं ते मला कळतं. मी थुंकत होतो, आणि माझा घसा हळूहळू, एकदा नाही जमलं तर दुसऱ्यांदा, आजारी माणसासारखा तो घास आत ओढत होता.

मी थुंकणारच होतो. मग तो गिळला कुणी, ते मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.